देजाची सायकल

किपिपिरी, ९ जून

चि. किहारा,

तू माझा फोन उचलत नाहीस. रविवारपासून अकरा वेळा लावला. बाराव्या वेळी वाशेराने फोन हातातून काढून घेतला आणि म्हणाली, त्याने तुमचा नंबर बंद करून टाकलाय, आता त्या यंत्राला किती छळणार. तुझ्या सासूबाईंना एवढं कळतं म्हटल्यावर मी पत्र लिहायला बसलो. गिलगिलला जाणाऱ्या मताटूचा कंडक्टर हे तुझ्या दुकानात आणून देईल. न वाचता यात बेअरिंग गुंडाळून ठेवू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे, माझ्या वर्गात चौथीत असताना मी तपासलेल्या वहीच्या पानात तू भाजलेलं कणीस बांधून आणायचास.

सरळ मुद्द्यावर येतो. मागच्या मंगळवारी मताटूच्या टपावरून तुझ्या घरी जो सायकलचा सांगाडा उतरला, त्याचा तुम्ही लोकांनी भलताच अर्थ काढलाय असं कानावर आलं. नऊ वर्षांपूर्वी तुझे काका आमच्या गाथोनीला मागणी घालायला आले, तेव्हा शेळ्या, मधाची दारू आणि वाशेराचं ब्लँकेट यांच्याबरोबर ही माउंटन बाइकही देजात आली होती, हे मला मान्य आहे. देज परत गेलं की काडीमोड झाली, हेही तू मला शिकवायला नको. असे तीन निवाडे मी स्वतः बसून केलेत. पण मी देज परत केलेलं नाही. डेअरीत दूध न्यायला मला ती सायकल हवी होती, ती बिघडली होती, म्हणून दुरुस्तीला पाठवली.

झालं असं, की सीटचा दांडा आत गच्च धरून बसला. नऊ वर्षांत त्याला कुणी हलवलं नव्हतं, त्यात आमची इथली ओली हवा. मी त्यात रॉकेल ओतलं आणि दोन दिवस थांबलो. मग उकळतं पाणी ओतलं. मग सांगाडा गोठ्याच्या खांबाला बांधला, दांड्याला दोर लावला आणि दोराचं दुसरं टोक गायीला. गायीने चांगलं ओढलं. दांडा जागचा हलला नाही, गोठ्याचा खांब मात्र आला. वाशेरा काय बोलली ते लिहीत नाही. असा अडकलेला दांडा सांगाडा न मोडता काढणारा माणूस गिलगिलपासून न्याहुरुरूपर्यंत एकच आहे आणि तो दुर्दैवाने माझा जावई आहे. म्हणून सांगाडा तुझ्याकडे पाठवला. चिठ्ठी जोडायची घाईत राहून गेली.

गाथोनी दोन महिने आमच्याकडे आहे ती तिच्या आईचे गुडघे दुखतात म्हणून. न्योकाबी मजेत आहे. रीतीप्रमाणे पहिल्या मुलीला तुझ्या आईचं नाव दिलं, त्याचा फायदा आता दिसतोय. दिवसातून दहा वेळा गाथोनी "न्योकाबी, नाक पूस", "न्योकाबी, किती खोटं बोलशील" असं ओरडते आणि नंतर तिचा चेहरा फार समाधानी दिसतो.

दांडा काढून सांगाडा परत पाठव. गाथोनीला यातलं काही कळलेलं नाही. कळू देऊ नकोस.

तुझा सासरा,
गाचांजा

किपिपिरी, १५ जून

चि. किहारा,

तुझी चिठ्ठी मिळाली. तिच्यात एकच वाक्य आहे: "मग मेंढा कशाला पाठवलात?" मी ते तीनदा वाचलं, त्यातलं एकदा चष्मा पुसून. मी कुठलाही मेंढा पाठवलेला नाही.

तरी चौकशी केली. आमच्या शेजारच्या गिताऊचा मेंढा त्याच मंगळवारी त्याच टपावर होता. तो निघाला होता गिताऊच्या बहिणीकडे, गिलगिलच्या अलीकडच्या थांब्यावर. टपावर बटाट्याची पोती, कोबी आणि एक सोफा. मेंढा उडी मारेल म्हणून कंडक्टरने त्याला माझ्या सांगाड्याला बांधलं आणि गाठ अशी मारली की बहिणीच्या थांब्यावर ती सुटेना. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. त्याने म्हटलं, पुढे बघू, आणि गिलगिलला दोन्ही तुझ्या दारात उतरवलं. अंगणात नेमके तुझे मुतुरीकाका उभे. समोर त्यांनी स्वतः नऊ वर्षांपूर्वी आणून दिलेली सायकल, तिला बांधलेला मेंढा, आणि सोबत निरोपाचा एक शब्द नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच समजलो असतो. मेंढा जोडून वस्तू परत आली म्हणजे सासऱ्याने पूर्ण विचार करून पाठवली.

पण दुसऱ्याच दिवशी भाजून खायची काय घाई होती? मेंढा अंगणात उभा होता तोवर तो गैरसमज होता. खाल्ल्यावर तो निवाडा झाला, की मुलाकडच्यांनी परत आलेलं देज स्वीकारलं. माझ्या तीन निवाड्यांपैकी दोन असेच खाऊन संपले होते.

गिताऊ रोज सकाळी फाटकाशी येऊन उभा राहतो. मी त्याला दुसरा मेंढा देऊ केला. तो म्हणतो, मेंढे पुष्कळ मिळतील, पण त्याचा मेंढा स्वभावाने फार चांगला होता. तो चवीलाही चांगला होता हे मी त्याला सांगितलेलं नाही. कंडक्टर सांगत होता, त्यालाही तुमच्याकडे एक बरगडी मिळाली म्हणे.

आता नीट आठवून लिही. तू खाल्लास का? भावकीने खाल्लं ते खाल्लं. पण ज्याचं लग्न त्यानेच तोंड लावलं नसेल तर मी म्हाताऱ्यांपुढे उभा राहून भांडू शकतो. तुझ्या उत्तरावर माझ्या मुलीचा संसार अवलंबून आहे, म्हणून या वेळी एका वाक्यापेक्षा जास्त लिही.

गाचांजा

किपिपिरी, २३ जून

चि. किहारा,

तू खरं लिहिलंस याचा मला अभिमान वाटतो आणि डोकंही दुखतं. मांस खाल्लं नाहीस हे उत्तम. पण दुकानातून गारठून आलास, कुणीतरी हातात सूपचा पेला दिला, तो प्यालास, आणि मग विचारलंस की आज काय आहे. अरे, आधी विचारायचं असतं. घरात शिरताना आजूबाजूला बघायची सवय लाव. गाथोनीचंही तुझ्याबद्दल नेहमी हेच म्हणणं असतं.

सूप मांसात धरायचं की पाण्यात, यावर आमच्याकडचे दोन म्हातारे काल दुपारभर बसले. एक म्हणाला, दात लागला नाही तर ते खाणं नव्हे. दुसरा म्हणाला, मला सहा वर्षांपासून एकही दात नाही, मग मी सहा वर्षं उपाशी आहे का. चहा दोनदा झाला, निर्णय झाला नाही.

हे पत्र मात्र मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. पहिल्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो, आणि एकदा नाही. शाळेत असतो तर स्वतःला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

वाशेराचे गुडघे ठणठणीत आहेत. गाथोनी तुझ्यावर रागावून आलीय. तुला ते माहीत आहे, पण का रागावली ते तुला माहीत नाही, आणि त्यामुळे ती जास्त रागावलीय. तिचं वाक्य जसंच्या तसं देतो: "शंभर पावलांवरून जाणाऱ्या सायकलच्या बेअरिंगची कुरकुर त्याला ऐकू येते. शेजारी बसून मी बोलते ते येत नाही." मी तेव्हा तुझी बाजू घेतली नाही, कारण मला बाजू सापडली नाही.

सायकलही दुधासाठी नव्हती. ऑगस्टअखेर नैवाशाला मुरमाच्या रस्त्यांवरची मोठी शर्यत आहे. साठीच्या वरच्यांचा वेगळा गट असतो. जुन्या माउंटन बाइकचा सांगाडा घ्यायचा, त्याला खाली वळलेलं हँडल लावायचं, खडबडीत टायर काढून गुळगुळीत चढवायचे, की मुरमावर पळणारी सायकल तयार होते, हे मी फोनवर बघितलं. एकदा नाही, दोन महिने बघतोय. नाव नोंदवून झालंय. वाशेराला हे माहीत नाही. तिला वाटतं मी फोनवर प्रवचनं ऐकतो.

आणि चिठ्ठी राहून गेली नव्हती, किहारा. ती लिहिलेली होती. कंडक्टरने सांगाडा वर घेतला तेव्हा ती माझ्या कोटाच्या खिशात होती. त्या दिवशी सकाळी गाथोनी चुलीपाशी बसून रडताना मला दिसली होती. मला बघून तिने धुराचं कारण सांगितलं. चूल पेटलेली नव्हती. मी तसाच सांगाडा उचलून थांब्यावर गेलो आणि मनात म्हटलं, जाऊ दे बिनचिठ्ठीचा, त्याला जरा धसका बसू दे. धसका बसावा एवढंच मनात होतं. संसार मोडावा असं नव्हतं. मेंढा नशिबाने जोडला, पण गप्प मी राहिलो. आता रोज वाटतं की मुलीचं घर मीच माझ्या हाताने टपावर चढवलं. मला माफ कर.

तिला अजून काहीच कळलेलं नाही. मी सांगणार आहे. आज ती कामात होती.

गाचांजा

किपिपिरी, ३ जुलै

चि. किहारा,

तिला कळलं. मी सांगण्याआधीच.

दूध घालायला रांगेत उभी होती. मागच्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, जाऊ दे गं, तुझं वय काय, अजून सगळं होईल. काय होईल ते गाथोनीला कळेना. मग रांगेतल्या बाकीच्या बायकांनी समजावून सांगितलं. दूध घालून, पावती घेऊन ती घरी आली आणि रिकामा कॅन टेबलावर माझ्यासमोर ठेवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, माझी काडीमोड झालीय का?"

मी म्हटलं, अजून नक्की नाही, सूपवर अडलंय.

तिला सगळं सांगावं लागलं. दांडा, गाय, मेंढा, खिशातली चिठ्ठी. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे काडीमोड तुम्ही दोघांनी घेतलीत. तुम्ही सायकल पाठवलीत, त्यांनी मेंढा खाल्ला. यात मी कुठे होते? मी दूध घालत होते."

मी म्हटलं, बाळ, हे सगळं तुझ्याच काळजीपोटी झालं. तेव्हा वाशेरा कोपऱ्यातून बोलली, की तिला कुणी विचारलं नाही ते सोडा, मलाही विचारलं नाही, आणि खांब माझ्या गोठ्याचा होता.

गाथोनीने तुझ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. सूपची वाचली. "प्यायला आणि मग विचारलं," एवढंच म्हणाली. मला वाटतं ती हसली. वाशेरा म्हणते ती हसली नाही, शिंकली. थंडी फार आहे.

मग तिने मला विचारलं, की मागणीच्या दिवशी मधाची दारू समोर ठेवल्यावर बाप मुलीला सगळ्यांसमोर विचारतो ना, ही पिऊ का म्हणून? मी म्हटलं, हो, ती रीत आहे, तू नऊ वर्षांपूर्वी "प्या" म्हणाली होतीस. ती म्हणाली, "मग पुन्हा विचारा. त्यांना सायकल पुन्हा आणू दे, सगळ्या म्हाताऱ्यांना बसू दे, आणि मला विचारा. घ्या म्हणायचं की नको म्हणायचं ते मी तेव्हा सांगेन. आत्ता मलाच माहीत नाही."

मी तिला वचन दिलंय की भरीस घालणार नाही. ती तुझ्याबद्दल बोलत नाही, पण चिठ्ठ्या परतही दिलेल्या नाहीत. तुला खोटी आशा लावत नाही. ती "नको" म्हणाली तर ते खरंच "नको" असेल, आणि मी दारातून सायकल परत पाठवीन, या वेळी चिठ्ठी जोडून. ते लिहायची वेळ माझ्यावर येऊ नये असं मला फार वाटतं.

गाचांजा

किपिपिरी, १९ जुलै

चि. किहारा,

मुतुरीकाका वर येऊन गेले, ते तुला समजलंच असेल. बैठक दुपारी सुरू झाली आणि बटाट्याच्या मुकिमोचं पातेलं रिकामं होईपर्यंत चालली. सूपचा प्रश्न सुटणार नाही असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं, म्हणून सगळं नव्याने करायचं ठरलं. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी तुमची माणसं सायकल घेऊन येतील आणि जिवंत मेंढा आणतील. मुतुरीकाकांनी सुचवलं, की सांगाडा आमच्याकडे आला तसाच परत देऊ. त्यावर आमचा दात नसलेला म्हातारा म्हणाला, देजात सांगाडा आला नव्हता, सायकल आली होती, तेव्हा चालती सायकल हवी. मला त्या माणसाबद्दल एवढा आदर पूर्वी वाटला नव्हता. तू मात्र यायचं नाहीस. नवरा मुलगा घरी बसून वाट बघतो, ही रीत तुला दुसऱ्यांदा पाळावी लागेल.

तू दांडा काढलास हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. करवतीच्या पात्याने आतून उभा चिरत तीन दिवस बसलास. मी गाय लावली होती हे कुणाला सांगू नकोस.

आता, तुला सायकल उभी करायचीच आहे तर माझ्या मनासारखी कर. खाली वळलेलं हँडल सोबत पाठवतोय, नैरोबीच्या जुन्या बाजारातून मागवलं. मुतुरीकाकांनी ते इथेच पाहिलं आणि म्हणाले, असं मान खाली घातलेलं हँडल देजात? आमचा मुलगा काय माफी मागायला येतोय? मी म्हटलं, मागितली तर बिघडत नाही.

मागच्या निरोपात मी मागितलेली मोठी चाकं बसवायला तू नकार दिलास. ब्रेक जुन्या चाकांच्या मापाचे आहेत, मोठ्या चाकाच्या रिंगपर्यंत पोचणार नाहीत, हे तुझं म्हणणं मी दोन दिवस खोडून काढायचा प्रयत्न केला आणि शेवटी पटलं. जुनीच राहू देत, तीही सोबत पाठवतोय, फक्त फिरताना डुलतात तो त्यांचा आउट नीट काढ. माझ्या पायांचं माप वेगळ्या कागदावर दिलंय. ते वाशेराने शिवणाच्या टेपने घेतलं. म्हणजे तिला शर्यतीचं सांगावं लागलं. ती म्हणाली, साठीच्या वरच्यांत पहिला येणाऱ्याला काय देतात, अक्कल देतात का.

एक गोष्ट मात्र मास्तर म्हणून सांगतो. तुझं पत्र आठ पानांचं आहे. केबल कुठून फिरवायची, हँडल लांब पडतं म्हणून त्याची मान किती आखूड करायची, गिअरचा खटका कुठे बसवायचा, सगळं आहे. मी ते गाथोनीला वाचायला दिलं. तिने आठही पानं वाचली, मागची बाजू बघितली आणि घडी घालून माझ्या हातात दिलं. त्यात तिचं नाव एकदाही नाही, किहारा. मला स्वतःला बायकोशी नीट बोलायला तीस वर्षं लागली, म्हणून माझं ऐक. त्या शनिवारच्या आत तिला एक ओळ लिही. काहीही लिही. थंडी आहे का एवढं विचार.

गाचांजा

किपिपिरी, ऑगस्टचा दुसरा शनिवार, संध्याकाळ

किहारा,

तुझी माणसं आत्ता निघाली. ती तुला सगळं सांगतीलच, पण मुतुरीकाका मेंढ्याच्या वजनापासून सुरुवात करतील आणि तू तिथेच अर्धमेला होशील, म्हणून मी लिहितोय.

तू ओळ पाठवली नाहीस. मी शुक्रवारी तीन मताटू बघितले. गाथोनी म्हणाली, बाबा, घरात या, तो लिहिणार नाही. ती हे इतकं शांतपणे म्हणाली की माझी आशा तिथेच संपली होती. सकाळी तिने न्योकाबीची वेणी घातली, चांगला झगा घातला, आणि तिची बॅग न भरता तशीच पलंगाखाली होती.

सायकल ब्लँकेटमध्ये गुंडाळून आली. मुतुरीकाकांनी ब्लँकेट काढलं आणि सगळे पुढे सरकले. हिरवा रंग, हँडलवर तपकिरी पट्टी, एकही केबल लोंबत नाही. मी पेडल हाताने फिरवलं, चाकाचा आवाज म्हणून आला नाही. नऊ वर्षं माझ्या माळ्यावर पडलेली वस्तू ती हीच, हे मला स्वतःला पटवावं लागलं. मग मला राहवलं नाही. रीत बाजूला ठेवून मी आधी चढलो.

माझे गुडघे हँडलला लागले. सीट इतकी खाली, की पेडल मारताना गुडघा हनुवटीपर्यंत यायचा. अंगणात जे हसले त्यांत तुझी सासू सगळ्यांत पुढे होती. मी मुतुरीकाकांना विचारलं, माझ्या मापाचा कागद कुठे गेला. ते म्हणाले, "गुरुजी, आम्हीही त्याला सांगितलं, सीट उंच कर, म्हातारा लांब पायाचा आहे. तो म्हणाला, बरोबर आहे, हलवू नका." पुन्हा सांगितलं तर तो दुकानाच्या आत निघून गेला म्हणे.

मी उतरलो. म्हातारे बसले. मी गाथोनीला सगळ्यांसमोर विचारलं, ही सायकल घेऊ का.

तिने सायकलभोवती एक फेरी मारली. मग झग्याची कड वर खोचली, टांग टाकली आणि फाटकातून बाहेर, मुरमाच्या रस्त्याने खाली. "घ्या" नाही, "नको" नाही. पंचाहत्तर वर्षांची चार माणसं, बांधलेला मेंढा आणि मी, सगळे त्या फाटकाकडे बघत तासभर बसलो. मुतुरीकाकांनी हळूच विचारलं, आपल्याकडे असं काही ठरलंय का, की मुलगी देज घेऊन पळून गेली तर काय.

ती आली तेव्हा गुडघ्यापर्यंत लाल धूळ होती. सायकल माझ्यासमोर उभी केली आणि उजवा हात पुढे केला.

"बाबा, ही दोन बोटं बघा. गेल्या वर्षी गवताच्या कुट्टीच्या यंत्रात सापडली होती. जखम भरली, पण थंडीत ती मिटत नाहीत. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

मग तिने उजव्या ब्रेकचा खटका दाखवला. तो तू इतका आत ओढून बसवलायस की नुसत्या पहिल्या बोटाने दाबला जातो. डावा नेहमीसारखा आहे. गिअर सगळे डाव्या हाताला. हँडलची पट्टी उजवीकडे दुहेरी, म्हणजे हात गार लोखंडाला लागत नाही. आणि सीट तिच्या पायाच्या मापाची, जे माप तुला कुणीही पाठवलं नव्हतं.

किहारा, ती चार महिने माझ्या घरात आहे. रोज माझ्यासमोर बटाटे सोलते, गवत कापते, दूध काढते. मला ती बोटं दिसली नाहीत. तिच्या आईलाही नाहीत. आणि मी इथे बसून तुला पत्रांवर पत्रं लिहीत होतो की तुला काही कळत नाही. मला त्या सगळ्यांसमोर मान वर करता येईना. वाशेराने तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

गाथोनी म्हणाली, "घ्या, बाबा. सायकल घ्या." म्हाताऱ्यांनी श्वास सोडला आणि कुणीतरी मेंढ्याकडे निघालं. ती म्हणाली, "थांबा. एक, ही सायकल माझी आहे, बाबांनी बसायचं नाही. आणि त्याला हे सगळं दिसत होतं, तर तो एका शब्दाने बोलला का नाही?" मुतुरीकाकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

नैवाशाच्या शर्यतीला तीच जाणार म्हणते. माझं नाव साठीच्या वरच्या गटात नोंदवलंय, हे सांगायचं अजून धाडस झालेलं नाही.

हे पत्र उद्याच्या पहिल्या मताटूने येईल, म्हणजे उद्या सकाळी सायकलवरून तिकडे निघणाऱ्या गाथोनीच्या आधी पोचेल. न्योकाबीला वाशेरा बुधवारी घेऊन येणार आहे. गाथोनी तिकडे राहायला येतेय की नुसती बोलायला, ते मी विचारलं नाही, आणि बॅगेकडे बघायचं मी मुद्दाम टाळलं. तिने सांगितलं तेवढंच कळवतो. ती म्हणाली, "मी बोलेन, तो ऐकेल. मग तो बोलेल. तोंडाने."

सगळा उतार आहे, ती दहापर्यंत पोचेल. दुकान उघडू नकोस.

गाचांजा